आबांचा सकाळचा डोस

कशी आहेस, असं आबांनी मला कधी विचारलंच नाही. ते विचारायचे, "आज काय खाल्लंस?" उत्तर द्यायला जरा चाचरलं की आपण पकडले गेलोच म्हणून समजा. ही चौकशी फक्त आम्हा भाडेकरूंची होत नसे. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी हाच प्रश्न टाकला. तो बिचारा गांगरून म्हणाला, "चहा-खारी." आबांनी त्याला ओट्यावर बसवलं, वाटीभर मटकीची उसळ खायला लावली आणि मगच मीटर दाखवलं.

आबा म्हणजे आमचे घरमालक. बारामतीत कालव्याच्या अंगाला त्यांच्या सहा खोल्या होत्या, खाली तीन, वर तीन. खालच्या मधल्या खोलीत मी राहायचे, एका भिंतीपलीकडे आबा. सुप्याजवळच्या एका कोरडवाहू गावातून मी बारामतीला आले होते, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला. आबा आता नाहीत, खोल्याही विकल्या गेल्या, पण मला ते सगळं अजून दिसतं. आणि दिसतं ते नेहमी संध्याकाळच्याच उन्हात. अंगणात शेवग्याचं झाड, त्याच्या बारीक पानांची सावली जमिनीवर हलतेय, कालव्याचं पाणी कुठंतरी जवळच वाहतंय, आणि आबा खुर्ची टाकून परातीत पाला ओरबाडत बसलेत. यातलं खरं किती आणि माझ्या तापानं बघितलेलं किती, हे मला आज नीट सांगता यायचं नाही. त्या दिवसांत मला रोज संध्याकाळी ताप चढायचा. त्याचं सांगतेच, पण आधी आबांचं ऐका.

आबांची सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर गेली. आरोग्य कर्मचारी. आधी सायकल, मग लुना. हिवतापाचे रक्तनमुने, लशी, क्षयाच्या गोळ्या, सगळं घरपोच. नोकरीतून माणूस निवृत्त झाला, पण नोकरी काही माणसातून निवृत्त झाली नाही. पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरताना दारावर खडूनं खूण करतात. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर पी. एखादं राहिलं असेल तर एक्स. एक्स घराला परत जायचं, पुन्हा परत जायचं, त्याचं पी होईपर्यंत सुटका नाही. आबांनी हीच पद्धत आमच्यावर चालवली होती. रोज सकाळी प्रत्येक खोलीत त्यांची एक वाटी यायची. तिला ते डोस म्हणायचे. कधी मोड आलेली मटकी, कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि वर चतकोर बाजरीची भाकरी, थंडीत आवळा नाहीतर पेरू, मधेच एखाद्या दिवशी उकडलेलं अंडं. वाटी रिकामी झाली की चौकटीवर पी. नाही झाली की एक्स. आणि तो एक्स पाहुण्यारावळ्यांना दिसायचा, हे सांगायला नको.

वरच्या मजल्यावर एक एसटीचे कंडक्टर होते, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांना मोडाची मटकी डोळ्यांसमोर नको व्हायची. लवकरची ड्युटी आहे असं सांगून ते सटकायचे. मग आबा वाटी डब्यात घालून थेट डेपोत. गाडी सुटायच्या आत, प्रवाशांच्या देखत, डबा खिडकीतून आत. "घंटी मारायच्या आधी मटकी संपवावी लागती राव," कंडक्टर आम्हाला सांगायचे, "आन तो ड्रायव्हर हसत बसतोय आरशात बघून."

लशी गार ठेवून न्यायचा असतो तसला निळा डबा आबांकडे होता. हा नोकरीतला नव्हता, नोकरीतला त्यांनी इमानदारीत जमा केला होता. मग चैन पडेना म्हणून तसलाच एक विकत आणला. त्यात दही राहायचं. कुणी झाकण उघडं ठेवलं की आबा कपाळाला हात लावून म्हणायचे, "तोडली का कोल्ड चेन." दही आंबट झालं याचं दुःख त्यांना नसायचं, शिस्त मोडली याचं असायचं.

आणि वाटीबरोबर प्रवचन. ते चुकायचं नाही. लसूण ठेचला की लगेच फोडणीत टाकायचा नाही, जरा पडू द्यायचा. पालेभाजीवर लिंबू पिळायचं ते ताटात, कढईत नाही, आणि पिळायचंच, त्याशिवाय त्यातलं लोह अंगी लागत नाही. हळदीला तेलाची आणि मिऱ्याची सोबत लागते. हुलगा म्हणजे काय, जवस म्हणजे काय, बांधावरचा तांदुळजा लोक का तुडवतात. मी एकदा चिडून म्हटलं, "आबा, मला खाऊ तरी द्या शांतपणे." तर म्हणाले, "तू खा की. कान कुठं खात्यात?"

मधे ती मोठी साथ आली तेव्हा आख्खी आळी त्यांच्याकडे धावली. प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ, कुठला काढा करू. एका शेजारणीनं मिरे-सुंठीचा काढा दिवसातून सहा वेळा पिऊन पोटात आग करून घेतली होती. आबा ओट्यावर बसून म्हणायचे, "प्रतिकारशक्ती म्हंजी काय डब्यातली पावडर हाय व्हय? रोजच्या ताटातनं येती ती, गुपचूप. आलेली कळत न्हाय, गेली की मातर कळतं." मग कुणी म्हणायचं, बरं ते असू दे, पण घेऊ काय? "दोन टायमाला जेव, झोप, आन नंबर आला की लस घे." लोक हिरमुसून परत जायचे. एवढ्या अनुभवी माणसानं काहीतरी दुर्मिळ मुळी सांगावी अशी त्यांची अपेक्षा असायची.

आता माझं. मी तेव्हा चोवीसची. सकाळी चहा, दुपारी चहा, क्लास सुटल्यावर गाड्यावरचं काहीतरी, नाहीतर नूडल्स. आबांची वाटी एवढंच काय ते अन्न, तीही मी कधी कधी मागच्या दारानं कंडक्टरांच्या कुत्र्याला घालून पी मिळवलेला आहे. वजन उतरायला लागलं तेव्हा मी खूश होते. जुने ड्रेस सैल होतात, गाल बसले की चेहरा रेखीव दिसतो, असलं काहीबाही. खोकल्याकडे लक्ष दिलं नाही. ते आबांनी दिलं. एका सकाळी वाटी हातात ठेवून ते म्हणाले, "पंधरा दिस झालं मी मोजतोय. भिंतीतनं आयकू येतं. सरकारी दवाखान्यात जा आन थुंकी तपासून ये."

रिपोर्ट आला. क्षय.

मला पहिली भीती वाटली ती मरायची नाही. खोली जाईल याची वाटली. सुप्याहून आई आली, ती मला घरी न्यायच्या गोष्टी करायला लागली. शेजारच्या खोलीतल्या दोघी मुली दारातून आत येईनात. आबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, "ती कुठं जाणार न्हाय. तोंडाला मास्क लावंल, गोळ्या घील, थोड्या दिसांत तिच्यापासनं कुणाला काय होत न्हाय. ज्याला भ्या वाटतंय त्यानं खिडक्या उघड्या ठेवाव्या." मग आईकडे वळून म्हणाले, "बाई, गोळ्या सरकार देतंय. ताट मी देतो. तुमी फकस्त बाजरी आणून टाका." आईला एवढं वाईट वाटलेलं होतं की तिला नाही म्हणायचं सुचलं नाही.

ते दोन महिने मला पाण्याखालून बघावं तसे आठवतात. दुपारी अंगणात बाजेवर पडायचं. शेवग्याची फुलं अंगावर पडायची, ती काढायचाही कंटाळा. साडेचार-पाचला ताप यायचा, हळूच, पायाकडून. मग झाड फार उंच व्हायचं, कालव्याचा आवाज अगदी कानाशी यायचा, आणि आबा कुठूनतरी लांबून बोलत असायचे, की आवळ्यात काय असतं, की उन्हात बसून खाल्लं तर काय होतं. मला भूक नसायचीच. मी गिळायचे. आबा एक घास म्हणून पाच घालायचे. लोणी लावलेली भाकरी, जवसाची चटणी, उसळ, अंडं, इंदापूरहून कुणीतरी आणून दिलेले पेरू. त्यांच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती, अर्धवट डोळे मिटलेली. बाजेवरून ती मला दिसायची. तापात मला वाटायचं, तीही जेवून सुस्त झाली आहे.

आणि मला फरक पडला. ताप गेला. दोन महिन्यांनी थुंकी तपासली, त्यात जंतू दिसले नाहीत. वजनकाट्यावर काटा पुढं सरकला. आबा नुसते फुलून गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागले, "बगा, ही पोरगी शेवग्याच्या पाल्यानं उभी राहिली." दूधवाल्याला सांगितलं, कंडक्टरांना सांगितलं, डेपोत जाऊन कंडक्टरांच्या ड्रायव्हरला सांगितलं.

मीही ते ऐकलं. आणि मला ते सोयीचं वाटलं, हे कबूल करते. गोळ्यांनी मळमळायचं. तोंडाला चव नसायची. लघवी केशरी व्हायची, त्याची मला किळस यायची. मी विचार केला, ताप नाही, खोकला नाही, जंतू नाहीत, पाल्यानं काम केलंय, मग हे विष कशाला? डॉक्टर मॅडमनी सहा महिने सांगितलं होतं, पण त्या सगळ्यांनाच सांगत असतील. तिसऱ्या महिन्यात मी गोळ्या बंद केल्या. पाकिटं सुटकेसमध्ये साड्यांखाली. आबांची वाटी मात्र चाटूनपुसून खायचे. माझ्या दारावर ओळीनं पी, पी, पी. असे पाच आठवडे गेले असतील.

एक दिवस आबा पेरू कापत होते. असंच, सहज, जुन्या सवयीनं त्यांनी विचारलं, "काय गं, लघवीचा रंग कसा हाय?" या माणसाला असलं काही विचारायला लाज वाटत नसे, आणि एव्हाना मलाही सवय झाली होती. मी अगदी अभिमानानं सांगितलं, "एकदम स्वच्छ आबा. पूर्वीसारखी. केशरी टिपूससुद्धा नाही."

त्यांचा सुरीचा हात थांबला. मला वाटलं, खूश झाले.

"म्हंजी गोळी बंद हाय," ते म्हणाले.

त्या गोळीनं लघवी केशरी होते आणि ती होत नसेल तर गोळी पोटात जात नाही, हे ज्यानं तीस वर्षं घरोघर विचारलं त्याच्यासमोर मी शेखी मिरवली होती. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "का गं?"

"तुम्हीच म्हणालात ना आबा," मी म्हटलं, "पाल्यानं बरी झाले म्हणून."

पेरूच्या फोडी तशाच ताटलीत राहिल्या. आबा आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांची चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मॅडम, चूक माझी हाय. मी हिला सांगितलं पाल्यानं बरी झाली. तिला काय बोलू नका." मॅडमनी तपासण्या लिहून दिल्या. मला पुन्हा बारीक खोकला लागला होता, तो मी लपवत होते, तोही बाहेर आला. त्यांनी समजावून सांगितलं की गोळ्या मधेच सोडल्या की जंतू कधी कधी त्या गोळ्यांना दाद देईनासे होतात. तसं झालं असेल तर दुसरी औषधं, जास्त कडक, जास्त दिवस, आणि खात्री कमी. ते झालंय का, हे रिपोर्ट सांगेल. काही दिवस थांबा.

ते थांबणं. मला आयुष्यात दुसरं कुठलंही थांबणं एवढं लांब वाटलेलं नाही.

त्यातल्याच एका सकाळी आबा म्हणाले, "चल, तुला एक घर दाखवतो." आम्ही इंदापूरच्या गाडीत बसलो, खिडक्या उघड्या, मी मास्क लावून. इंदापूरला उतरून दुसरी गाडी, मग चालत. मी चालताना थांबत होते आणि आबा माझ्यासाठी थांबत होते. दोन्ही बाजूंना ऊस, मग ऊस संपला आणि एकदम पाणी लागलं, धरणाचं फुगलेलं पाणी. थंडीचे दिवस होते. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं, आणि त्या दोन्हींच्या मधे लांब पायांचे गुलाबी पक्षी उभे होते, अगदी निवांत. मला वाटलं, आपल्याला पुन्हा ताप चढला.

घर नव्हतंच. एक कडुलिंब होता आणि चार दगड.

"हितं एक बाई राहायची," आबा म्हणाले. "नवरा पाण्यात मासं धरायचा, मग तो गेला कुठंतरी, परत आला न्हाय. तिला तुझाच आजार. मी आठवड्याला गोळ्या घिऊन यायचो. ती म्हणायची, भाऊ, रिकाम्या पोटी ही गोळी लई जाळती. मी म्हणायचो, खाऊन घेत जा. काय खाऊन, ते मी कवा इचारलं न्हाय. गोळी द्यायची माझी ड्युटी. माझ्या पिशवीत माझी भाकरी असायची. ती मी त्या तिकडं वढ्याला जाऊन खायचो. हितं तिच्यासमोर कशी खायाची?"

मी त्यातल्या एका दगडावर बसले.

"एक दिस म्हणली, आता बरं वाटतंय, गोळी नको. खोटं बोलत हुती, मला कळत हुतं. पर माझं एक घर कमी झालं. मी बी 'बरी झाली' म्हणून लिवून टाकलं." ते पाण्याकडे बघत होते. "चार म्हैन्यांनी आलो तर दार बंद. ती उपाशी हुती म्हणून तिची गोळी सुटली. तुझं पोट मी भरलं, तर तू बी सोडलीस. आता मी करायचं तरी काय, तू सांग."

आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मला फार लाज वाटली. मी मरेन, ही भीती मला त्या दिवसांत रोज वाटायची, पण मी मेले तर या माणसाचं दुसऱ्यांदा तेच होईल, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, "आबा, मी घेईन गोळ्या. जेवढ्या देतील तेवढ्या घेईन." ते म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

रिपोर्ट चांगला आला. जंतूंना तीच औषधं अजून चालणार होती. पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आबा खुर्चीत मागं टेकले आणि बराच वेळ नुसते छताच्या पंख्याकडे बघत बसले.

त्यानंतर आबा बदलले. सकाळी येऊन माझ्यासमोर स्टूलवर बसायचे, मांडीवर झाकलेलं ताट. मी गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, लहान पोरासारखं, मग थोडं थांबायचं आणि मग ताट पुढं यायचं. पदार्थ तेच. भाकरी, पाला, मटकी, लिंबाची फोड. पण प्रवचन बंद. कशात काय असतं, ते कशाला चांगलं असतं, एक शब्द नाही. मी मुद्दाम विचारायचे, "आबा, जवसानं काय होतं?" तर म्हणायचे, "चटणी हुती." कुणी मला बघून म्हटलं की पोरीच्या अंगावर मांस आलं, तर आबा लगेच म्हणायचे, "गोळ्या चालू हैत." ते न बोलता बसलेले मला बघवायचं नाही. एवढा बोलका माणूस. उन्हाळा आला, शेवग्याच्या शेंगा झाल्या, त्या आमटीतून माझ्या ताटात आल्या आणि आबांनी त्यांची काही म्हणजे काही ओळख करून दिली नाही.

सहा महिने पूर्ण झाले. शेवटच्या तपासणीचा कागद घ्यायला आम्ही दोघं गेलो. मॅडमनी वाचला, हसल्या, म्हणाल्या, "झालं. तुम्ही बऱ्या झालात." मग त्या आबांकडे वळल्या. "आणि आबा, खरं सांगू का, तुमच्या जेवणाचाही यात वाटा आहे. अंगात ताकद होती म्हणून हिला औषध पेललं. ते तर तुम्ही..."

"न्हाय मॅडम," आबा म्हणाले. एवढ्या घाईनं की मॅडम दचकल्या. "गोळ्यांनी बरी झाली. तिच्यासमोर दुसरं काय बोलू नका."

"अहो आबा, पण आता तर कोर्स संपलाय."

"संपला असू दे. गोळ्यांनी बरी झाली. मी नुसतं वाढलं."

ज्या माणसानं आपल्या पाल्याचं कौतुक सांगायला थेट डेपो गाठला होता, त्याला एक डॉक्टर आपणहून ते कौतुक द्यायला निघाली होती, आणि तो ते घेत नव्हता. माझ्याकडे बघतही नव्हता. जणू मी अजून कधीही एखादी गोळी साड्यांखाली लपवीन. मला तिथंच रडू फुटलं. मॅडमना वाटलं आनंदानं रडतेय, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

आबांसमोर मी याबद्दल कधी बोलले नाही, त्यांनी बोलूच दिलं नसतं. आता ते नाहीत तर सांगून टाकते. गोळ्यांनी मी बरी झाले, खरं आहे. पण त्या दुसऱ्या सहा महिन्यांत रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आज नको. नुसत्या वासानं पोट ढवळायचं. आणि तेवढ्यात दाराबाहेर स्टूल ओढल्याचा आवाज यायचा. ताट निवू नये म्हणून वरून हात ठेवून एक म्हातारा माणूस बसलेला असायचा, आणि मी गोळी गिळल्याशिवाय ते ताट उघडायचं नाही. त्याला फार वेळ बसायला लागू नये म्हणून मी ती गिळायचे.